लेकरू काचेत आहे

आमच्या साकोलीकडे एखाद्या घरी बाळंतपण होऊनही पाळण्याची लगबग दिसली नाही, शेजारणी दारात उभ्या राहून दबक्या आवाजात बोलू लागल्या, की विचारणाऱ्यास बहुधा एकच उत्तर मिळते : ‘लेकरू काचेत आहे.’ या तीन शब्दांत सारे काही आले. मूल दिवसांआधी जन्मले, किंवा वजनाने फार कमी भरले, किंवा जन्मताच रडले नाही. साकोलीच्या दवाखान्यात त्याचे निभेना म्हणून त्याला गाडीत घालून भंडाऱ्यास नेले. आणि आता ते आहे, पण आपल्यापाशी नाही.

वास्तविक जिल्हा रुग्णालयात हल्ली पुष्कळदा काचेची पेटी नसतेच. मूल एका उघड्या, लहानशा खाटेवर ठेवलेले असते आणि वरून विजेचे यंत्र त्याला ऊब देत असते. या यंत्राला तेथे ‘वॉर्मर’ म्हणतात. पण लोकांनी ‘काच’ हा शब्द सोडलेला नाही आणि तो चुकीचाही नाही. पेटीची काच गेली असली तरी दाराची राहिली आहे. तिच्या आत मूल आहे आणि बाहेर आईबाप आहेत.

साकोलीहून भंडारा सुमारे चाळीस किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गाने लाखनी ओलांडायची, कारध्याला वैनगंगेचा पूल पार करायचा, की गाव आले. धडधाकट माणसाला ही वाट तासाभराची; पण पोटाला टाके पडलेली बाळंतीण साकोलीस आणि तिचे दीड किलोचे मूल भंडाऱ्यास, अशी स्थिती असली म्हणजे याच अंतराला मोजमाप राहत नाही. बाप सकाळच्या एस.टी.ने जातो, काचेतून डोकावतो, संध्याकाळी परततो. मोबाइलवर टिपलेले एखादे अंधूक चित्र आईच्या हाती देतो. आई ते चित्र बोटांनी मोठे करून पाहते. नाक कोणावर गेले ते त्यात दिसत नाही, नळीच तेवढी दिसते.

या अंतरावर जगात अलीकडे एक तोड निघाली आहे. बाळाच्या खाटेवर एक लहानसा कॅमेरा बसवतात आणि त्यातले चित्र आंतरजालावरून आईबापांच्या मोबाइलवर सोडतात. या कॅमेऱ्याला वेबकॅम म्हणतात. आईने आपला परवलीचा शब्द टाकला की रात्री दोन वाजतादेखील तिला आपले मूल दिसते. तोड नवी आहे, पण जिच्यासाठी ती काढली ती अडचण जुनी आहे. मुलाला आईपासून दूर कोणी नेले, का नेले, आणि दूर नेल्यावर त्याच्यापाशी जागे कोणी राहायचे, याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मोठा आहे. त्याचे एक अत्यंत दुःखद पान आमच्याच जिल्ह्यात लिहिले गेले. ते पान समजावयाचे तर आधीची पाने चाळणे प्राप्त आहे.

आपल्या जुन्या घरांतली बाळंतिणीची खोली आठवून पाहावी. दाराला पडदा, बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात मिणमिणता दिवा. दहा दिवस सोयर. बाहेरच्याने आत यावयाचे नाही. म्हणजे नवजात मुलाला जगापासून वेगळे ठेवावे हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. फरक इतकाच, की त्या आई आणि मूल यांना एकत्र आत ठेवीत आणि उरलेल्या जगाला बाहेर. पाचव्या रात्री पाटावरवंटा पुजावयाचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, आणि सटवाई येऊन मुलाच्या कपाळी अक्षरे लिहून जाईपर्यंत घराने जागावयाचे. कोठे हे सारे सहाव्या रात्री होते, इतकेच. त्या रात्री दिवा विझू द्यावयाचा नाही आणि मुलाला एकटे सोडावयाचे नाही, हा दंडक होता.

या जागरणाची थट्टा करणे सोपे आहे आणि त्याची आरती ओवाळणेही सोपे आहे. दोन्ही टाळलेली बरी. त्याच खोलीतल्या कोंडलेल्या धुराने, अस्वच्छ विळ्याने कापलेल्या नाळेने आणि त्यातून होणाऱ्या धनुर्वाताने किती मुले गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पाचवा-सहावा दिवस हा धोक्याचा दिवस आहे हे लोकांना अनुभवाने कळले होते. धोक्याचे कारण कळले नव्हते. तेव्हा त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी केले : ते जागे राहिले.

कारणे शोधण्याचे काम दुसरीकडे सुरू झाले. पॅरिसमधील स्तेफान तार्निए हा प्रसूतिवैद्य १८७० नंतरच्या दशकात तेथील प्राणिसंग्रहालयात गेला असता त्याला पक्ष्यांची अंडी उबवण्याची पेटी दिसली. अंड्यातल्या पिलाला जी ऊब चालते ती दिवसांआधी जन्मलेल्या मुलाला का चालू नये, असे त्याच्या मनात आले. पेटी करणाऱ्या ओदील मार्तां याच्याकडूनच त्याने मुलांसाठी एक पेटी करवून घेतली आणि १८८० मध्ये ती पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात ठेवली. खाली गरम पाणी, वर मुले आणि मध्ये खेळती हवा, अशी तिची साधी रचना. पण दोन किलोपेक्षा हलक्या मुलांतील मृत्यूंचे प्रमाण तिच्यामुळे शेकडा ६६ वरून ३८ वर आले असे त्या रुग्णालयाचे आकडे सांगत. ऊब ही गोष्ट औषधाइतकीच मोठी आहे, हे वैद्यकाला अशा रीतीने एका कोंबडीखान्याने शिकवले.

तार्निएचा शिष्य पिएर ब्यूदँ याने या पेटीला काचेच्या भिंती दिल्या. आईला निदान आपले मूल दिसावे, एवढा त्यात हेतू होता. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ब्यूदँने एक खंत नोंदवून ठेवली आहे. मुलाच्या गरजा भागविण्याचे काम ज्यांच्याकडून काढून घेतले जाते अशा काही आया त्या मुलाविषयी उदासीन होतात आणि त्याला सोडूनही देतात, असे त्याला आढळले. मूल वाचवताना आपण त्याची आई गमावतो आहोत, हे त्या भल्या वैद्याला टोचत होते. म्हणून आईने मुलाला स्वतः पाजावे, त्यासाठी तिने रुग्णालयात राहावे, असा त्याचा आग्रह असे.

दुर्दैवाने त्याचा आग्रह मागे पडला आणि त्याची काच पुढे गेली. मार्टिन कूनी नावाच्या माणसाने १८९६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात या पेट्या मांडल्या. त्यांत खरीखुरी मुले ठेवलेली होती आणि पाहावयास येणाऱ्यांकडून पैसे घेतले जात. पुढे तो अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत त्याचे हे ‘प्रदर्शन’ चालू होते. एका बाजूला चक्री पाळणे, दुसऱ्या बाजूला हत्तींचे खेळ, आणि मध्ये पंचवीस सेंटचे तिकीट काढून पाहावयाची दिवसांआधी जन्मलेली मुले! आज हे वाचून अंगावर शहारे येतात. पण न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे, की त्या काळी बहुतेक अमेरिकन रुग्णालयांकडे अशा मुलांसाठी काहीच नव्हते. कूनी मुलांच्या आईबापांकडून एक पैसा घेत नसे. तिकिटाच्या पैशांवर दायांचा आणि परिचारिकांचा खर्च चाले. आणि आपल्या हातून सुमारे साडेसहा हजार मुले वाचली असे तो सांगे. त्याच्या वैद्यकीय पदवीविषयी आज अभ्यासकांना शंका आहे. त्याने वाचवलेल्या मुलांविषयी मात्र नाही, कारण त्यांतली काही म्हातारी होऊन स्वतःची हकीकत सांगेपर्यंत जगली.

कूनीच्या प्रदर्शनातही आया येत. त्यांना तिकीट नसे. पण काचेपलीकडे हात घालण्याचा अधिकार तेथे त्यांनाही नव्हता. मूल बाळसे धरून घरी नेण्याजोगे झाल्यावर ते घेऊन जाण्यासाठी काही आईबापांच्या मागे लागावे लागे, अशी तक्रार खुद्द कूनीने केल्याचे सांगतात. ब्यूदँची खंत ती हीच. महिनेन् महिने काचेतून पाहिलेले मूल पुष्कळ पाहूनही ओळखीचे होत नाही, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

पुढे रुग्णालयांनी या पेट्या आपल्या इमारतींत घेतल्या आणि सोबत काचही घेतली. तेव्हा जंतुसंसर्गाचे भय मोठे होते आणि प्रतिजैविके अजून यावयाची होती. आईच्या साडीवरून, तिच्या श्वासावरून, तिच्या हातांवरून जंतू आत येतील, म्हणून तिने बाहेर थांबावे हा नियम जगभर रूढ झाला. प्रतिजैविके आली तरी नियम राहिला. नियमांचे आयुष्य त्यांच्या कारणांपेक्षा पुष्कळदा अधिक असते.

तो नियम तपासून पाहण्याचे धैर्य १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या वैद्यांनी केले. त्यांनी आयांना हात धुवायला लावले, अंगरखा घालायला दिला आणि सरळ आत घेतले. आया मुलांना हात लावू लागल्या, पाजू लागल्या; आणि जंतुसंसर्ग काही वाढला नाही. हे त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोता येथे डॉ. एदगार रेय यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. पेट्या थोड्या, मुले फार. एका पेटीत दोन दोन मुले ठेवावी लागत आणि एकाचा आजार दुसऱ्यास होई. त्यांनी पेटीऐवजी आईच दिली. मूल तिच्या उघड्या छातीशी उभे बांधावयाचे, रात्रंदिवस. ऊब तिची, दूध तिचे. हीच ती पुढे जगभर गाजलेली कांगारू पद्धत.

आपल्याकडे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी याच विचाराचा मार्ग धरला होता. रुग्णालय महापालिकेचे, परिचारिका अपुऱ्या, आणि मुले जंतुसंसर्गाने दगावत होती. अधिक यंत्रे मागण्याऐवजी त्यांनी बाटलीचे दूध बंद केले आणि आयांना मुलांच्या सेवेत घेतले. ज्यांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही अशा मुलांसाठी १९८९ मध्ये तेथे दुग्धपेढी निघाली. ती आशियातील पहिली. आईला आत घेणे ही श्रीमंतांची चैन नसून गरिबांचा उपाय आहे, ही गोष्ट शीव आणि बोगोता या एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन शहरांनी जवळपास एकाच वेळी सिद्ध केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या शेजारच्या गडचिरोलीत तर याहून पुढची पायरी चढली गेली. तेथील खेड्यांतून मूल रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. मग काचेचा प्रश्नच कोठे? डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच बायकांना शिकवून तयार केले. या ‘आरोग्यदूत’ बाया बाळंतिणीच्या घरी जात, मुलाचे वजन घेत, श्वास मोजत, त्याला उबदार पिशवीत घालत आणि गरज पडल्यास सुईही टोचत. ३९ गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी, ज्या गावांत तो नव्हता त्यांच्याशी तुलना करता, नवजात मुलांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटलेले आढळले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे साऱ्या देशाने ‘आशा’ कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने ती पद्धत उचलली. बारकाईने पाहिले तर येथे नवे यंत्र थोडेच होते. जुन्या खोलीतले जागरण होतेच; त्याला ज्ञान मिळाले, एवढाच फरक झाला. पण तो फरक केवढा!

तरीही काही मुले अशी असतात, की ज्यांना घरी ठेवून चालत नाही. त्यांच्यासाठी देशभर तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. जेथे जेथे बाळंतपण होते तेथे एक कोपरा नवजातासाठी. त्याच्या वरच्या रुग्णालयात स्थिरीकरणाची चार खाटांची खोली. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष नवजात शिशू काळजी कक्ष. १ जून २०११ पासून आई आणि आजारी नवजात यांना सरकारी रुग्णालयांत ने-आण, औषध, उपचार सारे विनामूल्य झाले. साकोलीच्या धान रोवणाऱ्या बाईचे मूल गाडीने भंडाऱ्यास जाऊ शकते ते या व्यवस्थेमुळेच. तिने वाचवलेली मुले आज गावोगाव शाळेत जात आहेत. तिच्याविषयी कृतघ्न होऊन चालणार नाही. पण तिचे दार काचेचे होते, आणि काचेच्या आत कोण जागे आहे हे बाहेरून कळण्याची सोय नव्हती.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दोनच्या आधी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या याच कक्षात आग लागली. आत सतरा मुले होती. कक्षाचे दोन भाग होते : एक रुग्णालयातच जन्मलेल्या मुलांचा, दुसरा बाहेरून आणलेल्या मुलांचा. पहिल्या भागातील सात मुले बाहेर काढता आली. दुसऱ्या भागातील दहा मुले गेली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून, असे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. परिचारिकेने दार उघडले तेव्हा खोली धुराने भरून गेली होती. मुलांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरपाशीच विजेची ठिणगी पडली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आग लागली त्या वेळी मुलांपाशी कोणी हजर नव्हते असेही दिसून आले आणि संबंधितांवर कारवाई झाली. गेलेली मुले तुमसर, मोहाडी, भंडारा अशा तालुक्यांतील गरीब घरांची होती. त्यांतले एक घर आमच्या साकोली तालुक्यातले.

बाहेरून आणलेली, म्हणजे दुरून आणलेली मुले. सर्वांत लांबून, सर्वांत अधिक विश्वासाने जी आणली गेली, तीच गेली. सटवाईच्या रात्री घराने मुलाजवळ जागावयाचे असते. रुग्णालयाने घराला म्हटले होते, ‘तुम्ही झोपा, आम्ही जागतो.’ हा नुसता उपचारांचा करार नव्हता, जागरणाचा होता. तोच मोडला.

या घटनेनंतर वर्षानुवर्षे अग्निशमन यंत्रणा, विजेची तपासणी, दोषी कोण यांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. कारण रोग एका गावापुरता नव्हता. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजातांच्या कक्षाला अशीच आग लागली आणि दहा मुले त्याच रात्री गेली. ऑक्सिजनने भरलेली खोली, रात्रंदिवस तापलेली यंत्रे, एकच दार : अशा ठिकाणी ठिणगीला निमित्त पुरते. पण भंडाऱ्याच्या आगीविषयी विचार करताना मला राहून राहून ती काच आठवते. त्या रात्री त्या खोलीत एक जरी आई बसलेली असती तर?

आता कॅमेऱ्याकडे वळू. आंतरजालाशी जोडला गेलेला पहिला प्रसिद्ध कॅमेरा केंब्रिज विद्यापीठात १९९१ मध्ये बसला, तो एका कॉफीच्या भांड्यावर. भांडे भरलेले आहे की रिकामे, हे संशोधकांना जागेवरून न उठता कळावे, एवढाच त्याचा उपयोग! १९९३ मध्ये ते चित्र साऱ्या जगाला दिसू लागले. त्यानंतर चारच वर्षांनी बॉस्टनच्या बेथ इझ्राएल डीकनेस रुग्णालयाने हीच युक्ती दीड किलोहून हलक्या मुलांसाठी वापरली. मुलाच्या खाटेशी कॅमेरा, घरी आईबापांपुढे पडदा, आणि मधे दूरध्वनीची तार. १९९७ ते १९९९ या काळात त्यांनी काही कुटुंबांना ही सोय दिली, काहींना दिली नाही आणि दोहोंची तुलना केली. ज्यांना ती मिळाली ते कुटुंबीय रुग्णालयाच्या सेवेविषयी अधिक समाधानी होते. त्यांची सर्व मुले थेट घरी गेली, तर दुसऱ्या गटातील पाचांतले एक मूल आधी घराजवळच्या दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या विद्यापीठ रुग्णालयाने दूरच्या खेड्यांतील आयांसाठी अशी व्यवस्था उभी केली. आर्कान्सा हेही शेतकऱ्यांचे राज्य. तेथेही भात पिकतो आणि रुग्णालय दूर असते. साकोलीच्या आईची अडचण त्यांना समजावून सांगावी लागली नसती.

करोनाच्या साथीत, २०२० नंतर, जगभरच्या रुग्णालयांनी आईबापांवर पुन्हा दारे लावली, तेव्हा हा कॅमेरा एकाएकी गरजेचा झाला. आपल्याकडेही परिचारिका स्वतःच्या मोबाइलवरून बाहेरच्या आईला मूल दाखवीत. त्या साध्या कृतीत माणुसकीचा मोठा अंश होता.

कॅमेऱ्याने आईला काय मिळते? एक तर मूल आहे याची खात्री. दूध येण्यासाठीही तिला मूल डोळ्यांपुढे लागते. मुलाचे चित्र समोर ठेवून दूध काढावे, असा सल्ला परिचारिका देतात तो उगाच नव्हे. आणि दुसरी गोष्ट, जिचा उच्चार कमी होतो : कॅमेरा आतल्यांनाही दिसत असतो. आपल्याला कोणी पाहत आहे हे कळले की माणूस अधिक जागा राहतो. भंडाऱ्याच्या त्या कक्षावर दहा आयांचे डोळे लागलेले असते, तर खोलीत कोणी नाही हे त्यांतल्या एकीला तरी कळले असते, आणि धूर दारापर्यंत येण्याची वाट पाहावी लागली नसती, असे मनात येते. हा तर्क आहे. तो सिद्ध करता येत नाही. पण तो मनातून जातही नाही.

मात्र कॅमेऱ्याच्या हाती मूल देऊन निश्चिंत होणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली ही, की जी वाट आईसाठी उघडते ती इतरांसाठीही उघडी राहू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेतील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रे चोरून समाजमाध्यमांवर विकली गेल्याचे उघड झाले. कूनीच्या प्रदर्शनात निदान तिकीट उघडपणे विकले जात असे. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी. काचेतून पाहणे आणि जवळ असणे यांतला जो फरक ब्यूदँला १९०० मध्ये कळला होता, तो चित्र कितीही स्वच्छ झाले तरी मिटत नाही. आईला मूल दिसते. मुलाला आई दिसत नाही, तिचा वास येत नाही, तिची ऊब लागत नाही. कॅमेरा ही आईची सोय आहे. मुलाची सोय आईच आहे.

आणि हे आता केवळ भावनेचे बोलणे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक मोठा प्रयोग केला. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपास वजन असलेली ३,२११ मुले त्यात होती. निम्म्या मुलांच्या आयांना जन्मापासूनच अतिदक्षता कक्षात खाट देऊन मूल त्यांच्या छातीशी ठेवले. उरलेल्यांना रूढ पद्धतीने आधी यंत्रात आणि स्थिर झाल्यावर आईपाशी दिले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत रूढ पद्धतीच्या गटातील शेकडा १५.७ मुले गेली, आईपाशी ठेवलेल्यांतील १२. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला. हे निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भंडाऱ्याच्या आगीनंतर चारच महिन्यांनी.

आपल्या सरकारलाही हे अमान्य नाही. दिल्लीच्या डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला, त्यात जंतुसंसर्ग वाढला नाही, आणि २०१७ मध्ये नवजातांच्या कक्षांत कुटुंबाला सेवेत सामील करून घ्यावे अशी मार्गदर्शक तत्त्वे देशासाठी निघाली. तत्त्वे कागदावर उतरली. आता प्रत्येक जिल्ह्यात ती खाटांच्या रूपाने उतरावयास हवीत. वीस मुलांच्या कक्षात वीस आयांना निजावयास जागा, त्यांना जेवण, अंघोळीची सोय, आणि साकोलीस अडकलेल्या बाळंतिणीला मुलामागोमाग भंडाऱ्यास नेणारी गाडी : हा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे यात शंका नाही. पण कॅमेरा बसवून हा खर्च वाचला असे कोणी म्हणू लागला, तर त्याने तार्निएची पेटी घेतली आणि ब्यूदँचा आग्रह टाकला, असेच म्हणावे लागेल.

तोवर मात्र, ज्या आईला उठून जाता येत नाही तिला तिचे मूल दिसू द्यावे. कारध्याचा पूल ओलांडण्याइतके बळ तिच्या अंगात येईपर्यंत त्या लहानशा पडद्यावर तिला त्याची हालणारी छाती मोजू द्यावी. काच फुटेपर्यंत ती निदान पारदर्शक असावी.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते आणि घरे पहाटेपासून ओस पडतात. अशा दिवसांतही ज्या घरचे लेकरू काचेत आहे त्या घरी कोणी ना कोणी थांबलेले असते. पाचव्या रात्री तेथे पाटावरवंटा मांडतात, कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा लावतात. पाळणा रिकामाच असतो. सटवाईने कोठे जावयाचे, इकडे की भंडाऱ्याला, असे कोणी विचारीत नाही. घर नेहमीप्रमाणे जागते. तिकडेही कोणी जागे असेल, एवढ्या भरवशावर.